वेगासाठी वजन उतरवलेले जहाज

अमेरिकी नौदलाची ‘स्पिअरहेड’ वर्गातील वाहतूक जहाजे सुमारे ५४४ टन सामान घेऊन ३५ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ६५ किलोमीटर वेगाने, १,२०० सागरी मैल जातील अशा बेताने आखली गेली. मोठी मालवाहू जहाजे साधारणपणे याच्या निम्म्या वेगाने चालतात. ढोबळमानाने जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती लागते, त्यामुळे नुसती इंजिने वाढवून हे गणित सुटत नाही. वजन उतरवावे लागते आणि पाणी कापणारा आकार बदलावा लागतो.

या जहाजाचा पूर्वज युद्धनौका नसून मोटारी वाहणारी प्रवासी फेरीबोट आहे. १९९९ साली पूर्व तिमोरमध्ये सैन्य पाठवताना ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने अशीच एक फेरीबोट भाड्याने घेऊन तिला ‘जर्व्हिस बे’ हे नाव दिले. ऑस्ट्रेलियातील डार्विन ते पूर्व तिमोरची राजधानी ‘दिली’ हे सुमारे ४३० सागरी मैलांचे अंतर ती अकरा तासांच्या आसपास कापत असे. पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेने ऑस्टल या मूळच्या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या अलाबामा राज्यातील मोबाइल येथील गोदीला कंत्राट दिले आणि पहिले जहाज डिसेंबर २०१२ मध्ये नौदलाच्या ताब्यात आले.

१०३ मीटर लांबीचे हे जहाज कॅटामरान आहे, म्हणजे दोन अरुंद, लांबट सांगाडे वरच्या डेकने एकमेकांना जोडलेले आहेत. अरुंद सांगाडा लाटा कमी उठवतो आणि दोन सांगाड्यांमधले अंतर जहाजाला कलंडू देत नाही. प्रत्येकी ९.१ मेगावॉटची चार डिझेल इंजिने चार वॉटरजेट, म्हणजे पाणी ओढून जोराने मागे फेकणारे पंप, चालवतात. मागे फेकलेल्या पाण्याच्या झोताची दिशा वळवली की जहाज वळते, म्हणून सुकाणूच्या पात्याची गरजच उरत नाही. पाण्याखाली चार मीटरांहून कमी भाग असल्याने उथळ बंदरातही ते शिरू शकते.

बांधणीतली खरी कसोटी धातूची आहे, कारण वजन उतरवण्यासाठी हे जहाज अॅल्युमिनियमचे बांधले आहे. अॅल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश भरते, पण वेल्डिंगच्या बाबतीत हा धातू हट्टी आहे. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा अदृश्य थर २,००० अंशांच्याही पुढे टिकतो. त्यामुळे सांधा आधी तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावा लागतो आणि जोडताना त्यावर आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूचे पांघरूण ठेवावे लागते. शिवाय पोलादासारखे ते वितळण्याआधी लालबुंद होत नाही. वेल्डरला रंगावरून इशारा मिळत नाही. वेल्डच्या आसपासची पट्टीही उष्णतेने मऊ पडते, आणि लाटांचे धक्के खाऊन भेगा पडायला सुरुवात बहुधा तिथेच होते.

वजन वाचवण्याच्या या हिशेबाची किंमत नाळेने, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाने, मोजली. वजन कमी राखण्यासाठी तिथली बांधणी हलकी ठेवली होती. खवळलेल्या समुद्रात ती कमी पडू लागली आणि नौदलाला मागाहून ती मजबूत करून घ्यावी लागली. मला यात कारागिरांची चूक दिसत नाही, आराखड्यातच केलेली ही तडजोड होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचणी अहवालानुसार पूर्ण वेग गाठायचा तर लाटा सव्वा मीटरपर्यंतच हव्यात. अडीच मीटरपर्यंतच्या लाटांत वेग १५ नॉटवर आणावा लागतो, चार मीटरपर्यंतच्या लाटांत ५ नॉटवर, आणि त्यापुढे जहाजाला जागच्या जागी थांबून समुद्र शांत होण्याची वाट पाहावी लागते.