अतिरक्तदाबाची आणीबाणी

रक्तदाब साधारणपणे १८०/१२० मिमी. (पारा) याच्या वर जाऊन मेंदू, हृदय, मूत्रपिंडे, डोळ्यातील जालपटल किंवा महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) यांना ताजी इजा होऊ लागली, म्हणजे ही अवस्था उद्भवते. इजा नसेल, तर नुसत्या आकड्यावरून आणीबाणी ठरत नाही. तेथे पोटात घ्यायची औषधे पुरतात. उलट गरोदर स्त्रीत १६०/११० एवढा दाब टिकून राहिला, तरी तातडीचे उपचार करतात.

दाब वाढल्यावर मेंदूला सूज का येते, याविषयी दोन मते आहेत. ओपेनहायमर व फिशबर्ग (१९२८) यांनी धमनिकांच्या (सूक्ष्म धमन्यांच्या) आकुंचनाने रक्तपुरवठा तुटतो, असे मानले. बायरम (१९५४) यांना उंदरांच्या मेंदूपृष्ठावरील धमनिकांत आकुंचन व प्रसरण आळीपाळीने दिसले; त्यांनी आकुंचनावर भर दिला. तीच निरीक्षणे पुढे वेगळ्या रीतीने वाचली गेली. दाब वाढेल तशा धमनिका आकसून रक्तप्रवाह स्थिर राखतात. ठरावीक मर्यादेपलीकडे त्या नमतात, फुगतात आणि द्रव बाहेर झिरपतो. लासेन व अग्नोली (१९७२) यांचे हे मत अधिक ग्राह्य वाटते, परंतु आकुंचनाचा वाटा अगदीच नाकारता येत नाही. दीर्घकाळ अतिरक्तदाब असलेल्या रुग्णांत प्रवाह स्थिर राखण्याची वरची व खालची अशा दोन्ही मर्यादा वर सरकलेल्या असतात, हे स्ट्रँडगार्ड यांनी दाखविले. म्हणून इतरांना सोसणारा 'नॉर्मल' दाब एकदम आणल्यास अशा रुग्णाचा मेंदू रक्तावाचून राहतो.

पहिल्या तासात सरासरी दाब २५ टक्क्यांहून अधिक उतरवत नाहीत. पुढील २–६ तासांत तो १६०/१०० च्या आसपास आणतात. लॅबेटॅलॉल, निकार्डिपीन, नायट्रोग्लिसरीन ही औषधे शिरेतून देतात. सोडियम नायट्रोप्रुसाइडचा असर काही सेकंदांत दिसतो आणि ते थांबविल्यावर मिनिटांत ओसरतो. मात्र ते प्रकाशाने बिघडत असल्याने बाटली झाकावी लागते आणि दीर्घ वापरात सायनाइडची विषबाधा संभवते. निफेडिपीनची कॅप्सूल टोचून थेंब जिभेखाली सोडण्याची एकेकाळची सर्रास पद्धत पक्षाघात व हृदयविकाराचा झटका ओढवतो म्हणून १९९० नंतर मागे पडली. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या लेखाने रक्तदाब उतरविणाऱ्या सर्पगंधा या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. तिच्यातील रिसर्पीन हे औषधी द्रव्य काही काळ आणीबाणीतही टोचत, पण गुंगीमुळे रुग्णाची शुद्ध जोखणे अवघड होई.

महारोहिणीचे अस्तर फाटल्यास हा सावकाशीचा नियम लागू नाही. वरचा दाब सु. २० मिनिटांत १२० पर्यंत उतरवतात व आधी नाडी मंदावतात. गुठळीमुळे पक्षाघात झाल्यास, गुठळी विरघळविण्याचे औषध द्यायचे नसेल, तर २२०/१२० पर्यंतचा दाब सहसा तसाच राहू देतात. द्यायचे असल्यास आधी तो १८५/११० च्या खाली आणतात.