कॅव्हिटी डुप्लेक्सरचे ट्यूनिंग

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, रिपीटर डोंगरमाथ्यावर बसून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो. ही दोन्ही कामे एकाच अँटेनावर व्हावीत म्हणून ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि अँटेना यांच्यामध्ये धातूच्या पोकळ नळकांड्यांचा संच बसवतात. तोच कॅव्हिटी डुप्लेक्सर. हा संच त्या दोन नेमक्या फ्रिक्वेन्सींना जुळवणे म्हणजे त्याचे ट्यूनिंग.

२ मीटर बँड (सुमारे दोन मीटर तरंगलांबीचा पट्टा) भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे आणि त्यात रिपीटरच्या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये सहसा ६०० किलोहर्ट्झच अंतर असते. समजा, १४५.००० वर ऐकायचे आहे आणि १४५.६०० वर बोलायचे आहे. शेजारी २५ वॉटचा ट्रान्समीटर चालू असताना रिसीव्हरला पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल टिपावा लागतो. या दोन शक्तींत सुमारे १६३ डेसिबलचा, म्हणजे दोन कोटी अब्ज पटींचा फरक आहे.

इथे अडचणी दोन आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. ट्रान्समीटरच्या जोरदार लहरीने रिसीव्हर बहिरा होतो, ही पहिली. दुसरी अशी, की ट्रान्समीटरचा गोंगाट पसरत थेट १४५.००० वर येऊन पडतो. तो ऐकण्याच्याच फ्रिक्वेन्सीवर असल्याने रिसीव्हरकडचा कोणताही फिल्टर त्याला अडवू शकत नाही, त्याला उगमापाशीच रोखावे लागते. म्हणून ट्रान्समीटरच्या बाजूच्या कॅव्हिटींचा नॉच, म्हणजे अडवणारी खोल दरी, १४५.००० वर ठेवतात आणि रिसीव्हरच्या बाजूचा १४५.६०० वर. नवशिक्याला हे उलटे वाटते, पण सगळे ट्यूनिंग याच्याभोवती फिरते.

कॅव्हिटीच्या आतली कांडी पाव तरंगलांबीची, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ५२ सेंटिमीटर असते. विद्युतप्रवाह धातूच्या वरच्या काही मायक्रॉनमधूनच वाहतो, त्यामुळे आतल्या पृष्ठभागावर चांदीचा मुलामा देतात. कांडी सरकवणारा दांडा चांगल्या संचात इन्व्हारचा असतो. लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल यांचा हा मिश्रधातू शार्ल एदुआर गीयोम यांनी १८९६ मध्ये शोधला, आणि १९२० चे भौतिकीचे नोबेल त्यांना मिळाले. लांबी नुसत्या तांब्यावर सोपवली, तर तापमानातल्या २० अंशांच्या फरकाने फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झच्या आसपास सरकते. इन्व्हारमुळे हे सरकणे तीन-चार किलोहर्ट्झवर येते. नॉच इतका अरुंद असतो की ५० किलोहर्ट्झ म्हणजे तो हातचा गेलाच.

प्रत्यक्ष ट्यूनिंग एकेका कॅव्हिटीचे वेगळे करावे. एका कॅव्हिटीचा नॉच ३० डेसिबलच्या आसपास असतो, तो नॅनोव्हीएनए या फ्रिक्वेन्सीनुसार आलेख दाखवणाऱ्या स्वस्त मापन-उपकरणावरही नीट दिसतो. तीन कॅव्हिटींचा मिळून ९० डेसिबलपर्यंत गेला, की तो या उपकरणाच्या आवाक्याबाहेर जातो आणि पडद्यावर दिसतो तो उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटाचाच तळ. कॅव्हिटीच्या दोन्ही तोंडांशी १० डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारे जोड, लावले, तर तिला दोन्हीकडे खरा ५० ओहमचा रोध दिसतो. आधी मधली कांडी फिरवून पास फ्रिक्वेन्सी, म्हणजे जी जाऊ द्यायची ती, आणायची. पासचे शिखर पसरट असते, त्यामुळे शिखराकडे न पाहता रिटर्न लॉसकडे, म्हणजे परत फिरणारा सिग्नल किती कमी आहे याच्या मापाकडे, पाहावे, त्याची खूण जास्त टोकदार येते. मग कॅव्हिटीत सिग्नल आत-बाहेर नेणाऱ्या लूपवरच्या छोट्या कपॅसिटरने नॉच जागेवर आणायचा. कांडी हलली की दोन्ही सरकतात, म्हणून हे दोन-तीनदा करावे लागते.

खरी कसोटी लॉकनट आवळताना लागते. पान्ह्याच्या शेवटच्या पाव फेऱ्याला नॉच सरकतो, तेव्हा तो सरकेल हे धरून थोडा अलीकडे ठेवायचा आणि आवळल्यावर पुन्हा मोजायचा.

मग कॅव्हिटी केबलींनी जोडायच्या. आरजी-२१४ सारख्या दुहेरी जाळीच्या केबलच घ्याव्यात. एकेरी जाळीच्या आरजी-५८ मधून सिग्नल पाझरतो आणि कॅव्हिटींची मेहनत वाया जाते. जोडकेबलींची लांबीही ठरलेली असते: आरजी-२१४ मध्ये पाव तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर भरते, कनेक्टरसकट. पूर्ण संचात प्रत्येक बाजूला दीड डेसिबल गेले, तर २५ वॉटमधले अँटेनाला जेमतेम पावणेअठरा मिळतात आणि बाकीची शक्ती कॅव्हिटी तापवते.

शेवटी रिपीटरला जोडून बहिरेपणा तपासतात. रिसीव्हरला कष्टाने ऐकू येईल इतका क्षीण सिग्नल द्यायचा आणि ट्रान्समीटर चालू-बंद करायचा. खरखर वाढली नाही, तर काम साधले. वाढली, तर अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे शक्ती नुसती जिरवणारा रोध, लावून पुन्हा पाहावे: तरीही वाढत असेल तर दोष डुप्लेक्सरमध्ये किंवा केबलींमध्ये आहे, आणि थांबली तर अँटेनाकडच्या एखाद्या गंजलेल्या जोडात.