काळ्या कातळाची काच

कऱ्हाडहून पाटणकडे जाताना दिसणारा काळा कातळ वरवरचा नाही. कोयना परिसरात संशोधनासाठी खोल भोक पाडलं, तेव्हा हा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, संपून ग्रॅनाइट लागायला सव्वा किलोमीटरच्या आसपास खाली जावं लागलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. आपण त्याची खडी करतो, आणि क्रशरजवळ डस्टचे ढीग साचतात.

ही डस्ट १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून झटकन थंड केली, की काळीकुट्ट काच होते. फार सावकाश निवू दिली, तर पुन्हा दगड. या दोहोंच्या मधला पदार्थ म्हणजे ग्लास-सिरॅमिक.

साखर कारखान्यात पॅनवर (पाक आटवून साखरेचा दाणा पाडायच्या भांड्यावर) काम केलेल्याला हे चटकन कळेल. साखरेचा घट्ट पाक लवकर थिजवला तर त्याची पारदर्शक गोळी होते. तीही एक काचच. पण पॅनमध्ये बारीक साखरेचं बी सोडलं, की त्या प्रत्येक कणाभोवती दाणा वाढतो. काच कारखानदाराला दाणा, म्हणजे स्फटिक, हा बिघाड. इथं मात्र तो मुद्दाम, आणि शक्य तितका बारीक हवा असतो. मोजके मोठे दाणे झाले तर माल ठिसूळ होतो. असंख्य बारीक असले, तर तडा प्रत्येकाशी अडखळतो. म्हणून काच आधी ६५०-७०० अंशांवर ठेवून बी तयार होऊ देतात, मग ८५०-९०० अंशांवर दाणे वाढवतात. बेसॉल्टमध्ये लोहाची ऑक्साइडं दहा टक्क्यांहून जास्त असतात आणि त्यातूनच मॅग्नेटाइट या लोहखनिजाचं बी आपोआप पडतं. पांढऱ्या काचेत जो डाग, तो इथं कामाला येतो!

ग्लास-सिरॅमिकचा शोध चुकून लागला. १९५३ मध्ये अमेरिकेत काचेवर संशोधन करणाऱ्या डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेली. काच वितळून गेली असेल असं वाटलं होतं; निघाली अपारदर्शक, आकार न बदललेली. चिमट्यातून खाली पडली, तरी फुटली नाही.

पलूस-मिरजेच्या फाउंड्रीतलं स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना वर येणारा मळ, तोही यात चालतो. (पुस्तकात त्याला धातुमळी म्हणतात, पण सांगलीत मळी म्हटलं की नाकाला साखर कारखाना आठवतो.) स्लॅगमधून चुना आणि सिलिका मिळतात, बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेतूनही मुख्यतः सिलिकाच. सोव्हिएत संघात १९६०च्या दशकातच लोखंडाच्या झोतभट्ट्यांच्या स्लॅगपासून फरशा बनत होत्या.

रसायनापेक्षा अवघड आहे तो भट्टीचा खर्च. शिवाय आजचं स्लॅग कालच्यासारखं नसतं, भट्टीतली हवा कमीजास्त झाली तरी लोहाचं रूप बदलतं आणि तीच कृती वेगळा माल देते. त्यामुळे घरच्या फरशीच्या बाजारात याचा टिकाव लागेल, असं मला वाटत नाही. जिथं घासून घासून लोखंड हरतं, तिथं मात्र जागा आहे. औष्णिक वीज केंद्रांत राख वाहून नेणाऱ्या पाइपांना आतून ओतीव बेसॉल्टचं अस्तर देतातच. आपल्याकडे प्रयोग करायचा, तर साखर कारखान्याच्या बॉयलरखालच्या राखेच्या पन्हाळीत तीच राख घालून केलेल्या चार फरश्या बसवून एक गळीत हंगाम जाऊ द्यावा.