जमिनीच्या भावात सापडलेली लाच

२६ ऑगस्ट २०१२च्या पहाटे चीनच्या शान्शी प्रांतात, यानआन शहराजवळ एक स्लीपर बस मेथेनॉलच्या टँकरवर आदळली. ३६ जणांचा बळी गेला. पाहणीला आलेले प्रांताच्या औद्योगिक सुरक्षा खात्याचे प्रमुख यांग दात्साई तिथे हसताना कॅमेऱ्यात सापडले आणि लोक भडकले. मग कुणाची तरी नजर त्यांच्या मनगटाकडे गेली. लोकांनी इंटरनेटवरून त्यांचे जुने सरकारी फोटो हुडकून काढले, तर जवळपास दर फोटोत घड्याळ वेगळं, आणि तेही महागडं. त्यांच्या पगारात ती घड्याळं बसणं शक्यच नव्हतं. सप्टेंबर २०१३ मध्ये यांग यांना १४ वर्षांची कैद झाली.

भ्रष्टाचार मोजणारे अर्थशास्त्रज्ञ याच वाटेने जातात. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी शोधायच्या, शेजारी ठेवायच्या आणि त्यांत किती तफावत पडते ते पाहायचं. लाचेची पावती कुणी फाडत नाही, त्यामुळे ती थेट मोजता येत नाही. शिक्षा झालेल्यांची संख्याही फसवी असते. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तपालन यंत्रणेने २०२३ मध्ये ६ लाख १० हजार आणि २०२४ मध्ये ८ लाख ८९ हजार लोकांवर कारवाई केली. यातून भ्रष्टाचार वाढला म्हणायचं की कारवाई वाढली? नुसत्या आकड्यावरून दोन्ही म्हणता येतं.

तफावतीची ताकद रेमंड फिसमन आणि शांग-जिन वेई यांनी २००४ मध्ये दाखवली. त्यांचा विषय लाच नव्हता, करचोरी होता. चीनला काय पाठवलं याची नोंद हाँगकाँगकडे होती, काय आलं याची चीनकडे. माल तोच, पण आकडे जुळत नव्हते. ज्या मालावर कर जास्त, तिथे तफावत मोठी. कर एक टक्क्याने चढला की करचोरी सुमारे तीन टक्क्यांनी वाढत होती. जास्त कराचा माल कागदावर कमी कराचा होऊन आत येत होता.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते जमिनीवरचं काम. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारच्या मालकीची. विकला जातो तो वापराचा हक्क, घरांसाठी ७० वर्षांचा, आणि त्यातून स्थानिक सरकारांची तिजोरी भरते. २००४ पासून घरांच्या आणि व्यापारी जमिनींसाठी लिलाव सक्तीचा झाला. गैरव्यवहार थांबायला हवा होता, पण लिलावाची पद्धत ठरवणं अधिकाऱ्यांच्याच हातात राहिलं. एका पद्धतीत सगळे बिल्डर एका सभागृहात बसून उघड बोली लावतात. दुसरीत जमीन काही दिवस यादीवर राहते, त्या काळात बोली नोंदवायची, आणि शेवटी एकाहून जास्त इच्छुक उरले तरच समोरासमोर लिलाव होतो. साटंलोटं असलेला बिल्डर पहिल्याच दिवशी बोली टाकतो. बाकीचे समजून जातात की या जमिनीचं आधीच ठरलंय. होंगबिन त्साई, वर्नन हेंडरसन आणि छिंगहुआ झांग यांनी दाखवलं की मोक्याच्या जमिनी मुद्दाम या दुसऱ्या पद्धतीकडे वळवल्या जात होत्या आणि तिथे भाव कमी मिळत होता.

तिंग चेन आणि जेम्स काय-सिंग कुंग यांनी तर २००४ ते २०१६ मधले दहा लाखांहून जास्त जमीनव्यवहार तपासले. पॉलिट ब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च नेतृत्वमंडळाच्या, सदस्यांच्या नातेवाइकांशी संबंध असलेल्या कंपन्यांना जमीन इतरांच्या तुलनेत ५५ ते ६० टक्के स्वस्त मिळाली होती. आणि ती सवलत देणाऱ्या प्रांतांच्या पक्षसचिवांना, म्हणजे तिथल्या पक्षप्रमुखांना, बढती मिळण्याची शक्यता वाढत होती. इथे लाचेचं पाकीट कुठेच नाही. २०१४ मध्ये ऊर्जा खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या घरात २० कोटी युआनहून जास्त रोकड सापडली, नोटा मोजता मोजता चार यंत्रं जळाली, असं तिथल्या माध्यमांनी सांगितलं. अशा बातम्या गाजतात. पण सरकारी जमीन स्वस्तात देऊन त्या बदल्यात खुर्ची मिळवणाऱ्याच्या घरावर धाड टाकून हाती काय लागणार? ही लाच फक्त भावातच दिसते.

शी जिनपिंग नोव्हेंबर २०१२ मध्ये पक्षाचे सरचिटणीस झाले. डिसेंबरात सरकारी मेजवान्या आणि बडेजाव यांवर आठ कलमी नियम आले, जानेवारीत ‘वाघ आणि माश्या’, म्हणजे बडे आणि छोटे भ्रष्ट अधिकारी, दोन्ही मारण्याची घोषणा झाली. एके काळी देशांतर्गत सुरक्षा यंत्रणा हाताखाली असलेले चोऊ योंगकांग यांना २०१५ मध्ये जन्मठेप झाली. राजकीय विरोधक संपवण्यासाठीच हे सारं चाललंय, असा आरोप तेव्हापासून आहे. चेन आणि कुंग यांचे आकडे इथे उपयोगी पडतात. जिथे केंद्राची तपासणी पथकं गेली किंवा शी यांनी नवा पक्षसचिव नेमला, त्या प्रांतांत हा जमिनीतला भ्रष्टाचार सुमारे ३१ ते ४३ टक्क्यांनी घटला. म्हणजे मोहिमेचा परिणाम खरा होता, आणि तरी निम्म्याहून जास्त भ्रष्टाचार शिल्लक राहिला.

तो का राहतो, यावर माझं मत स्पष्ट आहे. तपासणारा पक्ष आणि तपासला जाणारा पक्ष एकच आहे. आपल्याकडे निवडणुकीच्या उमेदवाराला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते कुणीही वाचू शकतं. चीनमध्येही अधिकारी मालमत्तेची माहिती देतात, पण पक्षाकडे; जनतेला ती दिसत नाही. ती जाहीर करा, अशी मागणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या चळवळीचे कायदेतज्ज्ञ शू झियोंग यांना जानेवारी २०१४ मध्ये, म्हणजे मोहीम ऐन भरात असताना, चार वर्षांची कैद झाली. २०२३ मध्ये त्यांना पुन्हा १४ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली.

जमिनीचं संशोधन शक्य झालं, कारण चीन सरकारच असे व्यवहार इंटरनेटवर टाकत होतं. न्यायालयांचे निकालही २०१३ पासून एका सरकारी संकेतस्थळावर येऊ लागले होते. २०२१ नंतर मात्र तिथे येणारे नवे निकाल खूप कमी झाले आहेत.