पैठणच्या राजमातेचा हुकूम

पैठणला येणारा माणूस नाथांच्या समाधीचे दर्शन घेतो, जायकवाडीचे धरण पाहतो आणि ऐपत असेल तर पैठणीचा भाव विचारतो. हेच गाव सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान होते, हेही त्याने ऐकलेले असते. मात्र त्या घराण्यातल्या दोन कर्तबगार स्त्रियांची साक्ष देणारे शिलालेख पाहायचे तर त्याला मराठवाड्याबाहेर जावे लागते.

पहिली नागनिका. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात तिचा ब्राह्मी लेख आहे. पती सातकर्णीच्या मृत्यूनंतर, पुत्र लहान असताना, कारभार तिने सांभाळला असे बहुतेक अभ्यासक मानतात. लेखात तिला महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी म्हटले आहे आणि त्याच भिंतीवर अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती व कार्षापण नाण्यांचा आकडेवार हिशेब कोरला आहे.

दुसरी गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. घराण्यात आईच्या नावाने ओळखले जाण्याची रीत होती, पण गादी बापाकडून मुलाकडेच जात असे, त्यामुळे केवळ नावावरून मातृसत्तेचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तिच्या अधिकाराचा खरा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांतील ३ क्रमांकाच्या लेण्यात आहे. गौतमीपुत्राच्या राज्यवर्ष २४ मधला तो हुकूम एकट्या राजाचा नाही. राजा आणि 'जीवसुता', म्हणजे जिचा पुत्र हयात आहे अशी राजमाता, या दोघांच्या वचनाने तो नाशिक परिसरातल्या गोवर्धनचा अमात्य (अधिकारी) सामक याला धाडलेला आहे. विषय अगदी महसुली आहे: भिक्षूंना पूर्वी दिलेले कखडी गावातले शेत कसले जात नाही, गावही ओसाड आहे, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) जमीन द्यावी. आजच्या तलाठ्यालाही हे प्रकरण सहज समजेल.

नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी तिने भिक्षुसंघाला लेणे दान केले आणि त्या लेखात, बहुधा तोवर दिवंगत झालेल्या मुलाचे, शक, यवन व पल्हव या परकीयांचा संहार करणारा म्हणून वर्णन कोरवले. वर्ष २४ च्या हुकुमाच्या शेवटी मात्र आणखी एका स्त्रीचे नाव आहे, एरवी कुठेच न भेटणारे: प्रतिहारी, म्हणजे द्वाररक्षिका, लोटा.