मुतखडा, प्रोस्टेटचं ऑपरेशन 'जीवनदायी'तून करायचंय? डॉक्टर ठरवण्याआधी एवढं बघा

राज्य सरकारच्या या मोफत उपचारांच्या योजनेचं नाव 2017 मध्ये बदललं. आता ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण कोल्हापुरात सगळे अजून 'जीवनदायी'च म्हणतात. काउंटरवरही तेवढं पुरतं. अडतं ते क्रमापाशी. ओळखीतून डॉक्टर ठरतो, बाहेरून सीटी स्कॅन होतो, ऑपरेशनची तारीखही मिळते, आणि आदल्या दिवशी कुणीतरी विचारतं, "इथं जीवनदायी चालतीय काय?" तोवर झालेला खर्च योजनेतून परत मिळत नाही. योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून मग बिल जोडायची सोय तिच्यात नाही.

दारावर योजनेचा बोर्ड आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. रुग्णालयाला मान्यता विभागवार मिळते. हाडांसाठी किंवा हृदयासाठी पॅनेलवर असलेलं रुग्णालय मूत्ररोगासाठी असेलच असं नाही. 155388 किंवा 18002332200 वर फोन करून 'रुग्णालय योजनेत आहे का' एवढंच विचाराल तर 'आहे' असं उत्तर येईल आणि फसाल. 'युरोलॉजीसाठी आहे का, आणि माझं ऑपरेशन तिथं होतं का' असं विचारा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, आधी चौकशी केलेली कधीही बरी.

डॉक्टरांच्या पाटीवर एम.एस. नंतर एम.सीएच. किंवा डीएनबी युरोलॉजी लिहिलेलं असावं. नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. 'किडनीचा डॉक्टर' म्हणजे दोन वेगळी माणसं, हे अनेकांना चिठ्ठी चुकल्यावर कळतं. खडा, प्रोस्टेट, लघवीतून रक्त, अडकलेली लघवी हे युरोलॉजिस्टचं काम. क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलं, डायलिसिस लागलं, तर नेफ्रोलॉजिस्ट. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर तपासायला ठीक आहेत, पण ऑपरेशन तिथंच होणार असेल तर रात्री ताप आला किंवा रक्त थांबलं नाही तर कोण बघणार, हे आधी विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

आता कागद. लागतात दोनच, रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. बहुतेक जण आधारच देतात. 1 जुलै 2024 पासून पिवळ्या आणि केशरीबरोबर पांढरं कार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हे 5 लाख सगळ्या घराचे मिळून आहेत, माणशी नाहीत. पात्रता एवढी सोपी असूनही माणसं परत जातात, कारण दोन कागदांवर दोन नावं. रेशन कार्डावर 'आक्काताई', आधारवर 'शांताबाई'. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तिसरंच, कारण तिथं नाव सुनेनं सांगितलेलं. माणूस समोर बसलाय, फोटो जुळतोय, तरी संगणक ऐकत नाही, आणि काउंटरवरचा माणूस संगणकाचंच ऐकतो. म्हणून पहिल्या सोनोग्राफीलाच आधारवर आहे तसंच नाव सांगा. त्याला काही पैसे पडत नाहीत.

सगळ्यात जास्त अडतात नव्या सुना. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला नसेल तर सासरच्या कार्डात नाव चढत नाही. हे काम तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेचं, आणि तिथं 'उद्या या' ऐकायची तयारी ठेवा. दुखणं सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा लग्नानंतर लगेच उरकून टाका.

काही जण सातबारा घेऊन येतात. सातबाऱ्यावर लाभ द्यायची तरतूद विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी होती. कोल्हापूर त्यात नाही. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांचं कर्नाटकचं रेशन कार्ड इथं चालत नाही. त्यांच्याकडे केंद्र सरकारच्या योजनेचं आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालतं, पण त्या रुग्णालयात ते घेतात का हे विचारूनच निघा. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय बघतात. घरात प्रोस्टेटचे आजोबा असतील तर हे आधी काढा.

पुढचं सरळ आहे. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे नोंदणी, तपासण्या, मग ऑनलाइन मंजुरी. 'क्वेरी' (राहिलेल्या माहितीची विचारणा) आली म्हणजे नकार आला असं समजून घरी जाऊ नका. बहुतेकदा खड्याचा आकार किती मिलिमीटर हे रिपोर्टवर नसतं, नाहीतर क्रिएटिनिन किंवा लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) जोडायचं राहिलेलं असतं. आकाराला महत्त्व आहे. 5 मिलिमीटरच्या आतला खडा बऱ्याचदा आपोआप पडतो, 2 सेंटिमीटरच्या वरच्याला साधारणपणे पाठीतून दुर्बीण घालावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर ऐनवेळी तारीख पुढं जाते.

खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी पूर्ण बंद झाली तर हे सगळं बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी घेऊन दाखल करता येतं, कागद मागून देता येतात.

एक मुदत सगळे चुकीची वाचतात. डिस्चार्जनंतरचे 10 दिवस औषधं आणि तपासणी पॅकेजमध्ये असते. किडनीतून मूत्राशयात लघवी उतरावी म्हणून आत ठेवलेली नळी, म्हणजे डीजे स्टेंट, मात्र बऱ्याचदा काही आठवड्यांनी निघते. ती त्याच पॅकेजात काढणार की वेगळे पैसे पडणार, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारा आणि काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. दुखायचं थांबलं की माणूस ऊसतोडीला, नाहीतर मुंबईला निघून जातो आणि नळी आतच राहते. तिच्यावरच खडे धरतात, मग ती नुसती ओढून येत नाही आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होतं. योजनेत बसलेल्या उपचारासाठी रुग्णालयानं पैसे मागितले तर पावती मागा, आणि वरच्याच नंबरवर तक्रार नोंदवा.