कोलॅजेन पूरके (गुडघ्याच्या संधिवातातील वापर)

गुडघ्यातील कूर्चा झिजून होणाऱ्या संधिवाताच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून पोटात घेतली जाणारी प्रथिनजन्य उत्पादने. भारतात ती भुकटी, गोळ्या आणि कॅप्सूलच्या रूपात चिठ्ठीशिवाय मिळतात. साधारणपणे ती औषध म्हणून नव्हे, तर अन्नपूरक म्हणून विकली जातात.

कोलॅजेन हे मानवी शरीरात सर्वाधिक प्रमाणात असलेले प्रथिन. तीन साखळ्या दोरासारख्या एकमेकींभोवती पिळल्या जाऊन ते बनते. हाडे आणि त्वचेत मुख्यतः पहिल्या प्रकारचे, तर सांध्यांच्या कूर्चेत दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन असते. ‘गादी झिजली’ असे दवाखान्यात ऐकलेल्या माणसाला ती खाऊन भरून काढावी असे वाटले तर नवल नाही. पण गिळलेले कोलॅजेन थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. इतर प्रथिनांप्रमाणे तेही पचते. प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिनसारखे काही छोटे तुकडे न तुटता रक्तात पोहोचतात, एवढे मोजून दाखवले गेले आहे. ते कूर्चेतील पेशींना कामाला लावतात, हा पुढचा दावा मात्र बहुतांशी पेशींवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेला आहे.

बाजारात एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू आहेत. जनावरांची किंवा माशांची कातडी, हाडे, खवले यांतील कोलॅजेनचे विकरांनी तुकडे करून पाण्यात विरघळणारी भुकटी बनवतात. तिची मात्रा साधारण दिवसाला 10 ग्रॅम. दुसरे ‘अविकृत’, म्हणजे मूळ रचना न मोडलेले, कोलॅजेन कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून मिळते आणि दिवसाला 40 मिलिग्रॅम, म्हणजे 250 पट कमी, घेतले जाते. इतक्या अल्प मात्रेत कच्चा माल पुरवण्याचा प्रश्नच नसतो. आतड्यातील रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्या कूर्चेविषयी सौम्य व्हावी, अशी त्यामागची कल्पना. त्यामुळे एकावरच्या चाचणीचा दाखला देऊन दुसरे विकणे ही सरळ दिशाभूल ठरते.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या 191 जणांवरील, 180 दिवसांच्या चाचणीत अविकृत कोलॅजेन हे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले. 2019 च्या, अनेक चाचण्यांच्या एका एकत्रित विश्लेषणात वेदनामापन पट्टीवर सुधारणा दिसली, तरी संधिवाताच्या त्रासाविषयीच्या प्रश्नावलीतील वेदनेच्या भागात ठळक फरक आढळला नाही. बऱ्याच चाचण्या लहान आहेत आणि त्यांतील अनेकींचा खर्च उत्पादकांनी उचललेला आहे. कोलॅजेनच्या तुकड्यांनी सांधे टिकून राहतात हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2011 मध्ये सिद्ध न झालेला ठरवला. झिजलेली कूर्चा पुन्हा वाढते, याला भरवशाचा पुरावा नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन घटवणे आणि वरून लावायची वेदनाशामक जेल यांच्यामागे याहून भक्कम आधार आहे.

दुष्परिणाम बहुधा पोट फुगणे, मळमळ इतपतच असतात. मासे किंवा कोंबडीची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र लेबल वाचून घ्यावे. शाकाहारी ग्राहकांसाठी ‘वनस्पतिजन्य कोलॅजेन’ विकले जाते. वनस्पतींत कोलॅजेन नसतेच. अशा डब्यात सहसा क जीवनसत्त्व, अमिनो आम्ले आणि वनस्पतींचे अर्क असतात.